खपली

हे लिहायचं नाही, असं वैजनाथनं जवळजवळ पक्कं केलं होतं. दोनदा मोबाईलवर टाइप करायला घेतलं आणि दोन्ही वेळा पुसून टाकलं. सावरपुरात कुणालाही विचारा, खपली वाईट आहे का, लोक तुम्हालाच येडं समजतील. खपलीनं शहर वाचवलं. हे खरंच आहे, वैजनाथलाही ते नाकारता येत नाही. आणि ज्यांच्यासाठी लिहायचं, ती माणसं आता खळग्यात उरलीत कुठं? पत्रे गेले, चौकटी गेल्या, विहिरीवर लोखंडी जाळी बसली. वाचणार कोण?

पण परवा लिंबाजीचा फोन आला. कसा आहेस नाही, काय चाललंय नाही. एवढंच म्हणाला, "आता लिही." आणि ठेवून दिला.

तर गोष्ट अशी.

सावरपूर आधी तालुक्याचं गाव. मग हायवे आला, हायवेमागं कारखाने आले, कारखान्यांमागं माणसं आली, आणि माणसांना ठेवायला टेकडीवर टॉवर उभे राहिले. सगळं वाढलं. वाढलं नाही ते पाणी. धरण तेच, आणि धरणातून येणारी लाइनही तीच, आजोबांच्या काळातली. ती इतक्या ठिकाणी गळायची की निम्मं धरण माणसं प्यायची आणि निम्मं माती प्यायची. टेकडीवर तर आठवडा आठवडा नळाला नुसती हवा यायची.

वैजनाथ टेकडीवरच राहायचा, शकूताईकडं. शकूताई त्याची मोठी बहीण. नवरा गेल्यावर तिनं गावाकडचं सगळं विकून तिथं फ्लॅट घेतला होता, कारण जाहिरातीत धबधबा दाखवला होता. लिफ्ट बंद असली की ती टँकरचं पाणी हंड्यानं वर चढवायची. कमरेला पट्टा लावून.

आणि खाली, शहराच्या बुडाशी, खळगा. नावाप्रमाणंच खोलगट जागा. शहराच्या नकाशात अर्धी आत, अर्धी बाहेर अशी वस्ती. रस्ता नाही, गटार नाही, नळ नाही. पण विहीर होती. आणि ती विहीर कधी आटत नव्हती. धरण तळाला गेलं तरी खळग्यातल्या बाया पोहऱ्यानं पाणी काढत असायच्या. टेकडीवरचे लोक हे ऐकून चिडायचे.

लिंबाजी खळग्यातला. वैजनाथ आणि तो आयटीआयला एका बाकावर. पुढं लिंबाजीनं विहिरीकाठी रोपवाटिका टाकली. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता. गिऱ्हाईक सगळं टेकडीवरचं, गॅलरीत कुंड्या ठेवणारं. वैजनाथ मात्र यंत्रांच्या नादी लागला. इंटरनेटवर व्हिडिओ बघून बघून पाइपातला आवाज ऐकायची यंत्रं शिकला आणि महापालिकेच्या नव्या प्रकल्पावर कंत्राटी म्हणून लागला.

त्या प्रकल्पाला इंग्रजीत लांबलचक नाव होतं. वैजनाथ एकदा ते लिंबाजीला समजावत बसला होता. लिंबाजीचा गुडघा गाडीवरून पडून खरचटलेला.

"बघ," वैजनाथ म्हणाला, "हे जिवाणू आहेत. प्रयोगशाळेत घडवलेले. लाइनमधून पाणी जोरात वाहतंय तोवर हे झोपलेले. पोटात गेले तरी काही होत नाही. पण जिथं भोक आहे तिथं दाब कमी होतो, बाहेरच्या मातीची हवा लागते. तिथं हे जागे होतात. पाण्यातला चुना धरतात आणि त्याचा दगड करतात. तुमच्या चहाच्या पातेल्याला खाली पांढरं धरतं ना, तसा. भोक बुजेपर्यंत करत राहतात. मग तिथंच गाडून घेतात स्वतःला."

"खणायचं न्हाई?"

"एक फावडं नाही मारायचं. ड्रमातून डोस सोडायचा, बास. परत कुठं तडा गेला तर परत आपोआप."

लिंबाजीनं स्वतःच्या गुडघ्याकडं बघितलं. "म्हंजे खपली की लेका! एवढं दोन तास काय शिकवतो?"

ते नाव चिकटलं. आधी वैजनाथच्या टीममध्ये, मग पेपरात, मग महापालिकेच्या बोर्डांवर.

मोठी लाइन खळग्याखालून जायची, आणि वैजनाथच्या स्क्रीनवर सगळ्यात लाल तुकडा तोच होता. हेडफोन लावला की तिथून सतत आवाज यायचा, चहा उकळल्यासारखा. एवढी गळती जाते कुठं? सगळ्यांनी धरून चाललं होतं, की नाल्यात. नाला काय, सगळंच पोटात घेतो.

डोस सोडायला प्रकल्पाच्या देवस्थळी मॅडम स्वतः आल्या. चेंबर विहिरीला खेटूनच. वस्तीतल्या बायांनी ड्रमाला हळदकुंकू लावलं. लिंबाजीच्या वडिलांनी, आबांनी, नारळ फोडला. आबा म्हणजे डोक्याला पांढरा रुमाल, अंगात बंडी, आणि विहिरीवर पोटच्या लेकापेक्षा जास्त जीव. विहिरीला ते गंगामाई म्हणायचे. खळग्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला तिचं पाणी पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. पोलिसाला, मत मागायला आलेल्याला, टीव्हीची केबल कापायला आलेल्यालासुद्धा.

मॅडमनी विचारलं, "आजोबा, तुमच्या वस्तीत नळ नाही ना? पुढच्या यादीत घालायचं म्हणून विचारते. पाण्याची सोय काय?"

आबांनी पोहरा सोडला, ग्लास भरला आणि पुढं केला. "आधी प्या. मग इचारा."

मॅडम प्यायल्या. "गोड आहे हो."

"गोड असणारच. जिता झरा हाय. माझ्या बानं हिर खांदली तवा उन्हाळ्यात खडखडीत व्हायची. मग ही तुमची लाइन टाकाया सुरुंग लावले बघा, त्या हादऱ्यानं खडक फुटला अन् गंगामाई आली. तवापासून एक दिस दगा न्हाई." आबांनी रुमालानं तोंड पुसलं. "नळ टेकडीवाल्यांना द्या. त्यांना गरज हाय. आमी भिकारी न्हाई."

बाया हसल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लिंबाजीची छाती फुगलेली दिसत होती. मॅडमही हसल्या आणि टॅबवर काहीतरी टिक केलं. "म्हणजे स्वयंपूर्ण वस्ती. छान!"

सुरुंग, लाइन, हादरा. सगळं सगळ्यांसमोर बोललं गेलं होतं. वैजनाथनंही तोच ग्लास रिकामा केला आणि मिशी पुसली. निघताना आबांनी एका बाटलीत पाणी भरून त्याच्या हातात दिलं. "शकूला दे. म्हणावं, देवात ठेव."

वैजनाथनं ड्रमाची तोटी उघडली.

खपलीनं शब्द पाळला. स्क्रीनवरचे लाल तुकडे एकेक करून पिवळे झाले, मग हिरवे. खळग्याखालचा उकळणारा चहा आधी मंद झाला, मग थांबला. हेडफोनमध्ये नुसतं पाणी वाहतंय एवढाच आवाज. टीमनं पेढे वाटले.

एका सकाळी टेकडीवर शकूताईच्या किचनचा नळ खोकला, थुंकला आणि धो धो सुटला. सातव्या मजल्यावर, मोटरशिवाय. ती तशीच नळाखाली हात धरून उभी राहिली. मग घरातले सगळे हंडे, कळशा, पिंप, ड्रम गॅलरीत काढून ठेवले. भंगारवाल्याला बोलावलं. कमरेचा पट्टापण त्यालाच देऊन टाकला. "घेऊन जा बाबा. नाव काढू नको त्याचं."

त्या महिन्यात लिंबाजीनं वैजनाथला सहज सांगितलं, "मोटरचा पाइप जरा खाली सोडावा लागला."

पुढच्या महिन्यात पुन्हा खाली. मग बायांचा दोर पुरेना. जोडदोर लावला. मग पोहऱ्यात गाळ यायला लागला.

खळग्यानं आधी देव केले. विहिरीची ओटी भरली, कोंबडं कापलं. झरा का रुसला, यावर घराघरात बोलणं झालं. आणि रुसवा म्हटला की कुणीतरी चुकलेला लागतो. तो शोधायला लांब जावं लागलं नाही. विहिरीत एकच मोटर होती, लिंबाजीच्या रोपवाटिकेची.

लिंबाच्या पारावर बैठक बसली. वैजनाथ तेव्हा तिथंच होता, लिंबाजीच्या शेजारी.

कौसाबाई उभी राहिली. वस्तीतली सगळ्यात तोंडाळ बाई, पण लिंबाजीला लहानपणी तिनंच अंगाखांद्यावर खेळवलेलं. "टेकडीवाल्यांच्या गॅलऱ्या हिरव्या करायला आमची माय उपसलीस रं. माय इकलीस तू."

"मावशे, कुंड्यातल्या रोपाला पाणी लागतं किती? वाटीभर!"

"वाटी वाटी करूनच घर बुडतं."

"आबा, तुमी तरी सांगा की."

आबा काही बोलले नाहीत. ते पाराच्या कडेला बसून विहिरीकडं बघत होते. त्या न बोलण्यातच निकाल लागला. पोरांनी मोटर वर ओढली आणि तिथंच दगडानं फोडली. लिंबाजीनं अडवलं नाही. वैजनाथ मधे पडायला गेला तर लिंबाजीनंच त्याचा शर्ट धरला. "ऱ्हाऊ दे. आबा बघतोय."

मोटर फुटली, तरी पाणी चढलं नाही. त्याचं खळग्याला काही वाटलं नाही. पापाचा घडा आधीच भरला होता, असं ठरलं. लिंबाजीच्या बायकोला टँकरच्या रांगेत शेवटी उभं करायला लागले.

वैजनाथच्या डोक्यात मात्र एक खडा टोचायला लागला होता. चहा उकळायचा थांबला आणि विहीर उतरायला लागली. एकाच सुमाराला. योगायोग असेल. नसेल तर?

प्रकल्पाच्या लॅबमध्ये पाण्याचा अंगठा, म्हणजे ते मूळ कुठलं याचा ठसा, ओळखणारं मशीन होतं. यामागची गोष्ट अवघड नाही. पाण्याचे कण सगळे सारखे नसतात. काही हलके, काही जरासे जड. धरणाचं पाणी उन्हात तापतं तेव्हा हलके कण आधी उडून जातात आणि जड मागं राहतात. म्हणून धरणाच्या पाण्यात जडाचा वाटा जास्त. जमिनीत खोल मुरलेल्या झऱ्यानं ऊन बघितलेलंच नसतं, त्याचा वाटा वेगळा. पाणी कितीही गाळा, मातीतून फिरवा, हा अंगठा पुसला जात नाही.

तपासायला जुनं पाणी हवं होतं, विहीर भरलेली असतानाचं. ते अख्ख्या सावरपुरात एकाच ठिकाणी होतं. शकूताईच्या देवघरात.

ताई भाजीला गेली तेव्हा त्यानं बाटली काढली. तळाला थोडं ठेवून बाकीचं पाणी मशीनला दिलं. शेजारी धरणाचा नमुना लावला. दोन रेघा आल्या. एकीवर एक ठेवली तर एकच दिसेल अशा. शिवाय क्लोरिननं मागं सोडलेलं संयुगही सापडलं. झऱ्यात कुणी क्लोरिन टाकतं का?

गंगामाई म्हणजे फुटका पाइप होता. सुरुंगाच्या हादऱ्यानं खडक फुटला नव्हता, नवी कोरी लाइन फुटली होती. आणि त्या गळतीवर एक वस्ती दोन पिढ्या जगली होती.

तो तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेला. मॅडमनी रेघा बघितल्या. चकित झाल्या नाहीत. त्यानं तो जास्तच भडकला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शक्यता होती. जुन्या शहरांत असं होतं. गळतीवर विहिरी, बोअर भरतात. आराखड्यात एक ओळ होती त्याची."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

"मी विचारलं होतं, वैजनाथ. सोय काय, म्हणून विचारलं. त्यांनी ग्लास दिला. तूही प्यायलास."

मॅडमनी खुर्ची मागं सरकवली. आवाज खाली आणला. "यादी वर गेली आहे. स्वयंपूर्ण वस्तीला नळ म्हटलं तर मलाच प्रश्न विचारतील. वाचलेलं पाणी पाइप असतो तिथंच जातं, आणि पाइप टेकडीवर आहे. पण..." त्यांनी दाराकडं बघितलं. "तुमच्या लाइनचं पाणी आमच्या विहिरीत येत होतं, ते तुम्ही तोडलं, असं म्हणत वस्ती हा कागद घेऊन दारात बसली, तर नळ द्यावा लागेल. लवकर बसली तर. रिकाम्या वस्तीला कुणी नळ देत नाही. आणि हे मी बोललेले नाही."

घरी शकूताई देवघरासमोर बसली होती. "बाटली कुठंय?"

त्यानं सगळं सांगितलं. रागाच्या भरात नको तेही सांगून टाकलं, की खपली म्हणजे शेवटी चुनाच, फरशी धुवायच्या ॲसिडनं विरघळते, खळग्याखाली एक भोक उघडं करतो.

शकूताई उठली. "आणि माझा नळ?"

"जरा दाब कमी होईल."

"जरा!" तिनं कमरेवर हात ठेवला, जिथं पट्टा असायचा. "त्यांना नळ मिळवून दे. मोर्चा काढा, मी पुढं चालते, घोषणा देते. पण माझ्या पाण्याला हात लावलास तर तू या घरात पाणी प्यायचं नाहीस. आणि देवातलं पाणी चोरलंस, ते मशीनमध्ये घालायला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी वैजनाथ खळग्यात गेला. हातात ॲसिडचा कॅन, खिशात तो कागद, पिशवीत बाटली. तळाला पाणी उरलं होतं.

वस्तीत हातोड्यांचा आवाज येत होता. कौसाबाई पत्रे उतरवून घेत होती. लेकाकडं चालली होती, दुसऱ्या गावाला. तिच्याआधी बरेच गेले होते. नाक्यावर एका नव्या टाउनशिपचा बोर्ड लागला होता, आणि त्याच्यावर धबधबा.

रोपवाटिकेत लिंबाजी वाळलेल्या रोपांतून काळ्या पिशव्या सोडवून ढीग लावत होता.

"काय रं, ॲसिड कशाला?"

वैजनाथनं खाली बसून सगळं सांगितलं. कागद दाखवला. लिंबाजीनं एका रेघेवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या. मग खदाखदा हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हंजे आमची माय म्हंजे तुमचा फुटका पाइप! अन् मी चोर!"

"तू चोर नाहीस. हे दाखवलं की संपलं. लोक थांबतील, पालिकेवर जाऊ, नळ मिळेल. तोवर मी भोक पाडतो."

"भोक टिकंल किती? तुझी खपली परत धरंल का न्हाई?"

वैजनाथनं कॅनचं झाकण घट्ट केलं. आठवड्याभरात धरली असती. हे त्याला माहीत होतं, त्यानं स्वतःला सांगितलं नव्हतं एवढंच.

"मग ठेव तो कॅन. संडास धुवायला व्हईल." लिंबाजी थांबला. "धुवायला पाणी न्हाई म्हणा."

दोघं हसले. हसणं लवकर संपलं.

विहिरीच्या काठावर आबा पालथे झोपले होते, कान दगडाला लावून. वैजनाथ पाइपाचा आवाज ऐकायचा, तसेच.

"रोज पडतो असा," लिंबाजी म्हणाला. "म्हणतो, आदी झऱ्याचा आवाज यायचा. फुसफुस, फुसफुस. आता गप हाय. रुसलाय, पर यील."

तो आवाज वैजनाथनं हेडफोनमध्ये ऐकला होता. त्यानंच तो बंद केला होता.

आबांनी मान वर केली. ओळखलं. "वैजू! पाणी प्याल्याबिगर जाऊ नगं रं. लिंब्या, माठातलं दे त्याला." माठात टँकरचं पाणी होतं. पुन्हा कान दगडाला.

लिंबाजी ग्लास भरून घेऊन आला आणि हळू आवाजात बोलला. "हा कागद कुणाला दाखवू नगस."

"डोकं फिरलं का? लोक चाललेत, लिंब्या. अजून एक महिना गेला तर इथं कुत्रं उरणार नाही. मग नळ कुणाला देणार?"

"मला कळतंय."

"तुला माय विकणारा म्हणतात!"

"म्हणू दे. चोराचा बाप म्हणून आबा जगतोय, बघ की. खातोय, झोपतोय, मला शिव्या देतोय. पर हे कळलं तर? सारा जन्म त्यानं गळक्या पाइपाला नारळ फोडले? नळ नगं म्हणून ग्लास फुडं केला त्यानं, सगळ्यांम्होरं. वस्ती त्यानं बुडिवली असं व्हतंय मग. माझ्यावर आलंय ते ऱ्हाऊ दे माझ्यावर."

"आणि कौसाबाई? बाकीची घरं? त्यांचं काय?"

हातोड्याचा आवाज येत राहिला. एक पत्रा खाली पडला, सगळ्या खळग्यात घुमला. लिंबाजीचा चेहरा बघून वैजनाथला कळलं, की ह्यानं हिशोब मांडून बघितलाय, आणि तो चुकीचा आहे हेही ह्याला माहीत आहे. तरी तो हेच मागणार होता. वस्तीच्या बदल्यात बाप. ह्याला चूक म्हणायचं तर कोणत्या तोंडानं? वैजनाथनं स्वतः बहिणीच्या नळासाठी काय केलं असतं, हे अजून कुणी विचारलं नव्हतं.

"शपथ घे," लिंबाजी म्हणाला. "हातात पाणी घेऊन. माठातलं नगं. ते टँकरचं."

वैजनाथनं पिशवीतून बाटली काढली. तळाला उरलेलं खळग्याच्या विहिरीचं शेवटचं पाणी त्यानं आधी लिंबाजीच्या ओंजळीत ओतलं, मग स्वतःच्या. ते खरं कुठलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. पलीकडं आबा दगडाला कान लावून होते.

"आबा आहेत तोवर एक शब्द नाही," वैजनाथ म्हणाला. "कुणी तुला काहीही म्हणो, मी उभा राहून ऐकेन. पण आबा गेले की तू फोन कर. नुसतं 'लिही' म्हण. मग सगळं लिहीन, लिंब्या. पाइपाचं, ग्लासाचं, ड्रमाची तोटी कुणी उघडली त्याचं. आणि आज आपण दोघांनी इथं बसून काय केलं, तेपण."